‘लैला के खुतूत’ लिहिणाऱ्याचा दुसरा कागद

उर्दू शिकलेल्या माणसाला काझी अब्दुल गफ्फार माहीत असतात ते ‘लैला के खुतूत’ या पत्ररूप कादंबरीमुळे. हैदराबादेत ‘पयाम’ दैनिकाचे ते संपादक होते. मीही वर्गात एवढंच सांगत आलो. पण याच साहित्यिकाची सही असलेला आणखी एक कागद आहे, आणि तो लातूर-नांदेडच्या आपल्या घरांबद्दल बोलतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. नंतरच्या कत्तलींच्या बातम्या दिल्लीला पोचल्या तेव्हा सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी साहेबांना पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ते संस्थानात फिरले. त्यांचा सावध अंदाज होता २७ ते ४० हजार बळींचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी नाहीत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. तिथे वीसहून जास्त दिवस मारामारी चालली. दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीत जेमतेम तीन हजार उरले होते. हा अहवाल सरकारने छापला नाही. ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो २०१३ मध्ये सर्वांपुढे आला.

अहवालात दुसरी बाजूही आहे, ती वगळून तो वाचू नये. स्वतःचा जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू त्यात आहेत. आणि त्याआधी रझाकारांनी जे केलं तेही विसरण्यासारखं नाही. त्यांचा नेता कासीम रझवी लातूरचाच वकील. नांदेड जिल्ह्यात गोविंदराव पानसरे यांचा खून १९४६ चा. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारलं, कारण त्यांनी भारतात विलीन व्हा असं लिहिलं. ते मुस्लिम होते, हे १७ सप्टेंबरच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतं.

त्या वर्षी संशयाला मोकळं रान होतं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून हत्यारं आणत होता, ती बिदरला उतरत. हाच माणूस १९३९ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी जर्मनीचे चोरून फोटो काढायचा! बिदर आपल्या उदगीरच्या शेजारी. विमानं कॉटनची, पण मुखबिर ठरला गावातला मुनीम, शिंपी, तांगेवाला.

आमचे दादा असेच एक मुनीम, लातूरच्या गंजातल्या एका आडत दुकानात. अब्बा तेव्हा सात वर्षांचे होते. दादा त्या सप्टेंबरमध्ये घराबाहेर पडले ते परतले नाहीत. त्याच रात्री दादीने चुलीत कागद जाळले, एवढंच अब्बांना पक्कं आठवतं. कागद कसले होते? बडे अब्बा म्हणत, रझाकारांच्या चंद्याच्या पावत्या. फुफू म्हणायच्या, छे, स्टेट काँग्रेसवाल्यांच्या चिठ्ठ्या, दादा त्या गल्ल्यात ठेवून पुढे पोचवायचे. दोघंही आता नाहीत. दादी मरेपर्यंत या विषयावर एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं की कुणीतरी उठून पाणी आणायला जायचं.

दादा कुणाचे हेर होते, की कुणाचेच नव्हते, याने अब्बांना अजून झोप लागत नाही. मला वाटतं, मारणाऱ्यांनी तरी ते विचारलं नसेल. पण अब्बांना हे उत्तर पुरत नाही, आणि मुलाला ते पुरावं तरी का?

नांदेडला फुफूच्या सासरी त्या दुकानाची एक वही आहे म्हणतात, अर्धी उर्दू, अर्धी मोडी. दिवाळीच्या सुट्टीत अब्बांना घेऊन जाणार आहे. उर्दू मी वाचेन. मोडी वाचणारा शोधतोय.