ॲलर्जी, श्वसनमार्गातील

श्वासावाटे आत गेलेल्या, एरवी निरुपद्रवी असलेल्या प्रथिनांविरुद्ध नाक, श्वासनलिका व फुप्फुसांतील प्रतिकारपेशींनी दिलेली तीव्र प्रतिक्रिया. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये मांडली.

कारणे : परागकण, बुरशीचे बीजाणू, घरातील धुळीतले माइट आणि धान्याची धूळ. धान्याच्या धुळीचे उदाहरण म्हणून वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) घेता येईल; हे नागपूर–अमरावती महामार्गावरील आष्टी तालुक्यातील गाव. या भागात पावसाळा संपताना सोयाबीनची सवंगणी होते, गंज्या लागतात आणि थ्रेशरमधून दाण्यांबरोबर कुटार व धूळ उडते. सोयाबीनच्या दाण्याच्या सालीत ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने असतात. बांधावरच्या गाजर गवताचे परागही नाकाची ॲलर्जी घडवतात.

संवेदनशीलता : पहिल्या संपर्कात सहसा कोणतेही लक्षण दिसत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरातील डेंड्रायटिक पेशी आत आलेले प्रथिन टिपून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात व टी-पेशींपुढे मांडतात. दुखावलेल्या अस्तरातून टीएसएलपी, आयएल-३३ असे धोक्याचे रासायनिक संकेत सुटले असतील, तर त्या टी-पेशींचे रूपांतर टी-साहाय्यक-२ पेशींत होण्याकडे कल वाढतो. या पेशींच्या आयएल-४ व आयएल-१३ या संदेशांमुळे बी-पेशी आयजीई प्रतिपिंडे तयार करतात आणि ती मास्ट या प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. आयजीईचा शोध १९६६-६७ च्या सुमारास किमिशिगे व तेरुको इशिझाका आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिश यांनी स्वतंत्रपणे लावला.

प्रतिक्रिया : तेच प्रथिन पुन्हा आले की मास्ट पेशींवरील आयजीईला चिकटते. काही मिनिटांतच हिस्टामीन व ल्युकोट्राइन ही रसायने बाहेर पडतात. शिंका येतात, नाक वाहते, श्वासनलिकांचे स्नायू आकुंचन पावतात व छातीत घरघर होते. काही तासांनी दुसरा टप्पा येऊ शकतो. आयएल-५ मुळे वाढलेल्या इओसिनोफिल पेशी तेथे जमतात, अस्तराला इजा करतात आणि सूज टिकून राहते. म्हणून दिवसा मळणी केलेल्या माणसाला रात्री दम लागू शकतो. मात्र धुळीने होणारा प्रत्येक खोकला ॲलर्जीचा नसतो. नुसत्या चुरचुरीनेही तो येतो. बहुतेकांत नियामक टी-पेशी ॲलर्जीची ही साखळी सुरू होऊ देत नाहीत.

पुरावा : स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. बंदरात सोयाबीन उतरवण्याचे दिवस आणि या साथींचे दिवस जुळले. बाधितांपैकी बहुतेकांच्या रक्तात सोयाबीनविरुद्ध आयजीई आढळले. कोठारांना धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्यावर साथी थांबल्या.

नियंत्रण : श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडे दाह कमी करतात; श्वासनलिका रुंदावणारी औषधे तात्पुरता आराम देतात, दाह शमवत नाहीत. धूळ उगमापाशीच अडवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. थ्रेशरवर काम करताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे व नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा. दरवर्षी मळणीतच धाप लागत असेल, तर ती थकव्यावर न ढकलता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.