मेंडोसिनो: अफूच्या जहाजामागून वसलेलं गाव

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर, समुद्रात घुसलेल्या उंच कड्याच्या माथ्यावर मेंडोसिनो वसलं आहे. उतरत्या छपरांची लाकडी घरं, पाण्याचे मनोरे, पांढरं चर्च. हे सगळं पाहून प्रवाशाला देशाच्या दुसऱ्या टोकाचं न्यू इंग्लंड आठवतं. त्यामुळे इथल्या वसाहतकारांनी मायभूमीची आठवण म्हणून हे गाव बांधलं, असं सहज मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे. माणसं तिकडची होती आणि ठाऊक होती तशी घरं त्यांनी बांधली, हे नाकारता येत नाही. पण घरं कशी बांधली आणि गाव इथेच का वसलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचा माग काढला, तर तो मुंबई बंदरापर्यंत पोहोचतो.

बाल्टिमोरला बांधलेलं 'फ्रॉलिक' हे दोन डोलकाठ्यांचं वेगवान जहाज ऑगस्टीन हर्ड आणि कंपनीसाठी मुंबईहून चीनला अफू नेत असे. माळव्याच्या अफूवर त्या काळी मुंबईतल्या कितीतरी पेढ्या गब्बर झाल्या. पुढे आगबोटी या धंद्यात उतरल्या आणि शिडाच्या जहाजाची मिळकत आटली. तेव्हा मालकांनी फ्रॉलिकमध्ये चिनी मातीची भांडी, रेशीम आणि बिअर भरून ते सोन्याच्या शोधाने गजबजलेल्या सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवलं. २५ जुलै १८५० च्या रात्री ते मेंडोसिनोच्या उत्तरेला खडकावर आपटलं. पुढच्या वर्षी हेन्री मेग्ज या व्यापाऱ्याचा माणूस जेरोम फोर्ड बुडालेला माल मिळवायला आला. माल इथल्या मूळच्या पोमो लोकांनी आधीच उचलला होता. फोर्डला दिसली ती रेडवुडची प्रचंड झाडं. सॅन फ्रान्सिस्को वारंवार जळत होतं आणि पुन्हा बांधायला लाकूड हवं होतं. १८५२ मध्ये इथे लाकूड कापण्याची गिरणी सुरू झाली आणि तिच्याभोवती गाव उभं राहिलं.

जहाज फुटलं नसतं तरी कुणीतरी त्या जंगलापर्यंत पोहोचलंच असतं, हा आक्षेप रास्त आहे. अपघाताने फक्त तारीख ठरवली. पण त्या अपघातातून बाजाराची साखळी उघडी पडते: माळवा, मुंबई, चीनमधलं कँटन, सॅन फ्रान्सिस्को. गाव त्या साखळीतली एक कडी होतं आणि म्हणूनच मागणी ओसरल्यावर त्याची भरभराट टिकली नाही. १९३८ मध्ये गिरणी बंद पडली. जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा कुणाकडे उरला नाही, म्हणून ती वाचली. १९५९ मध्ये बिल झाका या चित्रकाराने कला केंद्र काढलं, तेव्हा ती स्वस्तात मिळत होती. जपणुकीची सरकारी दखल नंतर आली: ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीतली नोंद १९७१ ची. पुढे दूरचित्रवाणीवरच्या 'मर्डर, शी रोट' मालिकेत हेच गाव न्यू इंग्लंडमधल्या मेन राज्यातलं म्हणून दाखवलं गेलं, आणि ते कुणाला खटकलंही नाही.

जपणूक झाली ती एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्यांच्या गावाची. पोमोंचा इतिहास शोधायचा तर आत डोंगराच्या धारेवर जावं लागतं. तिथल्या त्यांच्या एका वस्तीत पुरातत्त्वज्ञ थॉमस लेटन यांना १९८० च्या दशकात चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आणि त्यांवरूनच त्यांनी फ्रॉलिकचा छडा लावला. जहाजावरच्या बाटल्यांच्या काचेपासून पोमोंनी बाणांची टोकं घडवली होती. १८५६ मध्ये सरकारने या किनाऱ्यावर त्यांच्यासाठी राखीव वसाहत केली आणि दहा वर्षांत ती मोडली; पुढे जमीन इतरांना खुली केली. लाकडाच्या धंद्याला तीच जमीन हवी होती.