सांतियागो किल्ला

फिलिपीन्समधील मनिला शहराचा स्पॅनिश अमदानीतील दगडी किल्ला. सध्या राष्ट्रीय स्मारक व संग्रहालय. अक्षांश सु. १४° ३५' उ., रेखांश सु. १२०° ५८' पू. इंत्रामुरोस या तटबंद जुन्या शहराच्या वायव्य टोकाला, पासिग नदीच्या दक्षिण काठावर तो उभा आहे. बांधला तेव्हा त्याची एक बाजू नदीकडे व दुसरी उपसागराकडे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकनांनी बंदरासाठी भर घातली आणि समुद्र दूर गेला. इंत्रामुरोसचे क्षेत्रफळ सु. ६७ हेक्टर, लोकसंख्या ६,१०३ (२०२०). मनिला शहराची लोकसंख्या १७,८०,१४८ (२०१५).

किल्ल्याचा परीघ सु. ६२० मी., तटाची उंची सु. ६.७ मी. व जाडी सु. २.४ मी. आहे. दरवाजाचे दर्शनी बांधकाम सु. १२ मी. उंच असून त्याच्यावर घोड्यावर बसलेल्या संत सांतियागोचे, म्हणजे स्पेनच्या पालक संताचे, उठावशिल्प आहे. घोड्याच्या टापांखाली मूर सैनिक पडलेले दाखवले आहेत. ज्या जागेवर हे शिल्प बसवले ती मुळात एका मुस्लिम राजाची होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे शिल्पाचा रोख कळतो. वसईचा पोर्तुगीज कोट पाहिलेल्यास येथील मांडणी समजणे सोपे जाईल : शहर मोठ्या तटाच्या आत आणि त्याच्या एका अंगाला वेगळा, लहान बालेकिल्ला.

इतिहास : स्पॅनिश येण्यापूर्वी नदीच्या मुखावर राजा सुलेमान याची ओंडक्यांची व मातीची गढी होती आणि तिच्यावर तोफाही होत्या. मार्तीन दे गोयती याने १५७० मध्ये ती जाळली. पुढील वर्षी मिगेल लोपेझ दे लेगास्पी याने २४ जून रोजी तेथे स्पॅनिश शहराची स्थापना केली. नवा कोटही आरंभी लाकडीच होता. १५७४ मध्ये लिमाहाँग या चिनी चाच्याने शहरावर हल्ला केला, त्यात गोयती मारला गेला. १५८३ च्या आगीत शहर पुन्हा जळाले. लाकडाचा भरवसा धरता येत नाही, हे राज्यकर्त्यांना तेव्हा पटले.

दगडी बांधकाम गव्हर्नर गोमेझ पेरेस दासमारीन्यास याच्या कारकिर्दीत (१५९०–९३) झाले. दगड पासिगच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्वादालुपे येथील खाणींतून आणला. तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, काढताना मऊ व हवेत कठीण होणारा दगड होय. शहराच्या तटासाठी पैसा उभा करताना गव्हर्नराने पत्त्यांच्या विक्रीचा मक्ता सरकारकडे घेतला आणि बेसुमार जुगार खेळणाऱ्यांकडून दंड वसूल केला. याच गव्हर्नराला १५९३ मध्ये मोलुक्कावरील स्वारीच्या वाटेवर त्याच्याच गलबतावरील चिनी वल्हेकऱ्यांनी ठार केले.

किल्ल्याने रक्षण करावयाचे ते मुख्यतः व्यापाराचे. १५६५ ते १८१५ या काळात मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को यांदरम्यान वर्षाला एक-दोन मोठी गलबते ये-जा करीत. चिनी रेशीम, मसाल्याचे पदार्थ आणि कोरोमंडल व गुजरातकडील सुती कापड पूर्वेकडे जाई. तिकडून चांदी येई.

३० नोव्हेंबर १६४५ च्या भूकंपाने शहराची व किल्ल्याची मोठी हानी झाली. दुरुस्ती १६५८–६३ मध्ये पार पडली. फेर्नांदो वाल्देस ई तामोन (कार. १७२९–३९) याच्या कारकिर्दीत वसाहतीतील सर्व किल्ल्यांची पाहणी होऊन त्यांचा सचित्र अहवाल तयार झाला. या किल्ल्याच्या जुन्या रचनेविषयीचे ते मोलाचे साधन आहे. १८८० च्या भूकंपांत दरवाजावरचे दर्शनी बांधकाम कोसळले.

ब्रिटिश ताबा (१७६२–६४) : या प्रकरणाचा हिंदुस्थानशी थेट संबंध आहे. सप्तवार्षिक युद्धात स्पेन उतरल्यावर मनिलावरील मोहीम मद्रासेत आखली गेली. तिचा सेनापती विल्यम ड्रेपर हा १७५८–५९ च्या फ्रेंच वेढ्यात मद्रासच्या बचावासाठी लढलेला अधिकारी होता. आरमार सॅम्युअल कॉर्निश याच्या हाताखाली होते. इंग्लिश पलटणीबरोबर ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासी शिपाईही जहाजांवर चढले. फौज २४ सप्टेंबर १७६२ रोजी मालाते येथे, शहराच्या दक्षिणेस, उतरली. तोफा शहराच्या नैर्ऋत्येकडील तटावर डागल्या गेल्या, तेथे खिंडार पडले आणि ६ ऑक्टोबरला शहर पडले. हंगामी गव्हर्नर असलेले आर्चबिशप मान्वेल रोहो यांनी सांतियागो किल्ल्यात आश्रय घेतला आणि त्याच दिवशी शरणागती पत्करली. ज्या दिवसासाठी किल्ला बांधला होता, त्या दिवशी तो वाटाघाटीची खोली ठरला. (स्पॅनिश कागदपत्रांत ही तारीख ५ ऑक्टोबर आढळते. मनिलाची दिनगणना मेक्सिकोमार्गे आल्यामुळे एक दिवस मागे चाले. १८४४ सालचा ३१ डिसेंबर गाळून ती पुढे दुरुस्त करण्यात आली.)

ब्रिटिशांनी चाळीस लाख पेसोंची खंडणी मागितली. ती पुरती वसूल झाली नाही. कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉसन ड्रेक याच्याकडे होता. सिमोन दे आंदा याने पांपांगा प्रांतातील बाकोलोर येथून प्रतिकार चालू ठेवल्यामुळे ब्रिटिश सत्ता मनिलाच्या परिसरापलीकडे टिकली नाही. पॅरिसच्या तहानुसार १७६४ च्या वसंतात शहर परत करण्यात आले. मद्रासी शिपायांपैकी काही मात्र परतले नाहीत. मनिलाच्या पूर्वेस काइंता येथे त्यांनी स्थानिक बायकांशी लग्ने करून घर केले, आणि तेथील अनेक घराणी आजही आपले मूळ त्यांच्यापर्यंत नेतात. ज्यांना मोहिमेबद्दल कोणी विचारले नव्हते, त्यांचाच वंश या सर्व घडामोडींतून त्या भूमीवर उरला, ही बाब आपल्याकडील इतिहासग्रंथांनी नोंदवायला हवी होती.

ब्रिटिश आले तेव्हा मनिलात सुलूचा सुलतान अलीमुद्दीन कैदेत होता. राज्यातील भाऊबंदकीमुळे तो १७४९ मध्ये मदत मागण्यास मनिलाला आला. १७५० मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्याच वर्षी संशयावरून त्याला धरण्यात आले. ब्रिटिशांनी त्याला सोडवून १७६४ मध्ये गादीवर बसवले.

तुरुंग म्हणून वापर : किल्ल्याच्या युद्धेतिहासाचा हिशेब लहान आहे. १७६२ मध्ये तो लढला नाही. १३ ऑगस्ट १८९८ रोजी स्पॅनिश व अमेरिकन सेनापतींनी बेल्जियन वकिलामार्फत आधीच ठरवून घेतलेल्या नाममात्र लढाईनंतर शहर अमेरिकेकडे गेले. फिलिपिनो क्रांतिकारकांना तटाच्या आत येऊ दिले नाही. १९४१ च्या डिसेंबरात मनिला खुले शहर म्हणून घोषित झाले आणि २ जानेवारी १९४२ रोजी जपानी सैन्य विनाप्रतिकार आत आले. या भिंतींचा सततचा उपयोग एकच झाला : माणसे डांबणे. म्हणून प्रस्तुत नोंदीत तोफांपेक्षा कोठड्यांना अधिक जागा दिली आहे.

नदीकडील सांता बार्बारा बुरुजाच्या पोटातील तळघरे मुळात रसद व दारूगोळा ठेवण्यासाठी होती. ओल धरत असल्याने ती दारूकोठार म्हणून निकामी ठरली आणि त्यांच्या अंधारकोठड्या झाल्या. भरतीचे पाणी आत सोडून कैदी बुडवले जात, असा प्रवाद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

होसे रिझाल (१८६१–९६) : येथील सर्वांत प्रसिद्ध कैदी. नेत्रवैद्य, कादंबरीकार आणि फिलिपिनो राष्ट्रवादाचे प्रवर्तक. त्यांच्या ‘नोली मे तांगेरे’ (बर्लिन, १८८७) व ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (गेंट, १८९१) या कादंबऱ्यांनी मठाधिकाऱ्यांचा व वसाहती कारभाराचा जुलूम उघडा केला. १८९२ मध्ये त्यांना मिंदानाओतील दापितान येथे हद्दपार केले गेले. तेथे त्यांनी दवाखाना व शाळा चालवली, गावासाठी नळाचे पाणी आणले. १८९६ मध्ये क्यूबात लष्करी डॉक्टर म्हणून जाण्याची परवानगी घेऊन ते निघाले. तेवढ्यात कातिपुनान या गुप्त संघटनेचा उठाव झाला आणि त्यांना बार्सेलोनाहून कैदी म्हणून परत आणण्यात आले. ३ नोव्हेंबर १८९६ रोजी ते सांतियागो किल्ल्यात दाखल झाले. सशस्त्र उठावाला त्यांची संमती नव्हती, तरी त्याचे मूळ तेच, असा आरोप होता.

२६ डिसेंबरला लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. बचावाला लुईस ताविएल दे आंद्रादे हा तरुण स्पॅनिश अधिकारी होता. गव्हर्नर जनरल पोलाविएहा याने शिक्षेवर शिक्कामोर्तब केले आणि २९ डिसेंबरच्या सकाळी ती रिझाल यांना वाचून दाखवण्यात आली. अखेरच्या दिवसांत त्यांनी चौदा कडव्यांची एक स्पॅनिश कविता लिहिली, तिला शीर्षक दिले नाही. कागद स्पिरिटच्या लहान शेगडीत दडवून ती बहिणीच्या हाती सोपवली. पुढे ‘मी उल्तिमो आदियोस’ या नावाने ती जगभर गेली. ३० डिसेंबरला सकाळी सातच्या सुमारास बागुंबायान (आजचे रिझाल उद्यान) येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय ३५ वर्षे. पाको येथील दफनभूमीत निनावी पुरलेले त्यांचे अवशेष १८९८ मध्ये वर काढण्यात आले व १९१२ मध्ये उद्यानातील स्मारकाखाली ठेवण्यात आले. नवी दिल्लीतील चाणक्यपुरीत त्यांच्या नावाचा मार्ग आहे.

जपानी काळ व विध्वंस : केंपेताई या जपानी लष्करी पोलिसांनी किल्ला ताब्यात घेऊन त्याचे छळकेंद्र केले. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य मनिलात शिरले. तटाच्या आत अडकलेल्या जपानी तुकड्यांवर तोफांचा दीर्घ मारा करून २३ फेब्रुवारीला इंत्रामुरोसवर चढाई झाली. महिनाभराच्या लढाईत शहरातील सु. एक लाख नागरिक मेले, काही जपान्यांच्या हत्याकांडांत व काही तोफांच्या माऱ्यात. किल्ल्याच्या कोठडीत सु. ६०० मृतदेह कुजलेल्या स्थितीत सापडले. ओळख पटणे शक्य नसल्याने त्यांना तेथेच एकत्र पुरले. त्या जागी संगमरवरी पांढरा क्रूस आहे. रिझाल यांचा प्रत्येक दिवस नोंदवला गेला आणि या सहाशेंपैकी एकाचेही नाव क्रूसावर नाही. किल्ला पाहणाऱ्याने येथे घाईने पुढे जाऊ नये.

जतन व संग्रहालय : युद्धानंतर किल्ल्याला स्वातंत्र्यतीर्थाचा दर्जा देण्यात आला. १० एप्रिल १९७९ च्या अध्यादेशाने इंत्रामुरोस प्रशासन स्थापन झाले व पुढे किल्ल्याची देखभाल त्याच्याकडे आली. युद्धात उद्‌ध्वस्त झालेला दरवाजा १९८० च्या दशकात पुन्हा उभारला गेला. त्यामुळे आज दिसतो तो दरवाजा जुन्या नमुन्यावर केलेला आहे, हे पाहणाऱ्यास माहीत असावे.

मोरियोनेस चौकातील बागेतून खंदकावरील पुलाने दरवाजाशी जाता येते. आत आर्मास चौक, मध्ये रिझाल यांचा पुतळा. चौकालगतच्या जुन्या बराकीत रिझाल स्मृतिमंदिर आहे. कोठडीचा भाग, त्यांच्या वापरातील वस्तू, हस्तलिखितांच्या प्रती व भिंतीवर कोरलेली अखेरची कविता येथे पाहावयास मिळते. काचेच्या पेटीत त्यांच्या पाठीच्या कण्यातील गोळी लागलेला मणका ठेवला आहे. कोठडीपासून दरवाजाकडे जमिनीत पितळी पावले बसवली आहेत; ती रिझाल यांच्या अखेरच्या चालीचा मार्ग दाखवतात. इमारतीचा काही भाग पडक्या विटांसह तसाच ठेवला आहे, हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. सगळे नव्याने गुळगुळीत केले असते, तर १९४५ चा पुरावा पुसला गेला असता. दुसऱ्या एका पडक्या बराकीत राजा सुलेमान नाट्यगृह हा उघडा रंगमंच आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या फिलिपीन शैक्षणिक नाट्यसंस्थेचे (पेटा) ते आरंभीचे घर. पुढे देशात पुकारलेल्या मार्शल लॉच्या काळातही येथे नाटके होत राहिली.

चौकाच्या टोकाशी सांता बार्बारा बुरुज आहे. वरून पासिग नदी आणि पलीकडे १५९४ मध्ये वसलेली बिनोंदो ही चिनी वस्ती दिसते. खालच्या कोठड्यांचा काही भाग अलीकडे दर्शकांना खुला झाला असून आत कैद्यांचे पुतळे मांडले आहेत. वाट अरुंद व छत बुटके असल्याने वृद्धांनी बेताने उतरावे. सांता बार्बारा हा बुरुज जितका लक्षपूर्वक पाहिला जातो, तितके लक्ष सान मिगेल व सान फ्रान्सिस्को या बाजूच्या बुरुजांना मिळत नाही. मात्र शहराच्या तटाशी बालेकिल्ल्याची जोडणी कशी केली होती ते तेथेच नीट कळते.

अर्थव्यवस्था व दळणवळण : परिसराचे उत्पन्न प्रवेशशुल्क, घोडागाड्या व पर्यटकांसाठीची दुकाने यांवर अवलंबून आहे. प्रवेशशुल्क २०१९ च्या सुमारास प्रौढांस ७५ पेसो होते. हलक्या रेल्वेमार्ग क्र. १ वरील सेंट्रल हे जवळचे स्थानक. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सुसह्य.

जवळची इतर स्थळे : मनिला कॅथीड्रल, जागतिक वारसायादीत १९९३ मध्ये समाविष्ट झालेले सान आगुस्तीन चर्च, ज्यात लेगास्पी याची कबर आहे, १७६२ चे खिंडार पडले त्या बाजूचा सान दिएगो बुरुज, ज्याच्या पोटात सोळाव्या शतकातील जुन्या गोल बुरुजाचा पाया उत्खननात उघडा पडला आहे. शहराच्या तटाबाहेरील खंदक अमेरिकनांनी बुजवून तेथे गोल्फचे मैदान केले. ते अद्याप वापरात आहे.