उताराचा हिशेब : ब्रेकिंग रेझिस्टरची कुळकथा

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं एकोडी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. या मुलखातल्या जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावांना पाळीच्या एका बाजूला सलंग, म्हणजे सांडवा, ठेवलेला असतो. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते तिथून निघून जातं आणि पाळ शाबूत राहते. लिफ्टच्या मशीन-रूममध्ये किंवा कारखान्यातल्या क्रेनवर भोकांच्या पत्र्याची एक तापणारी पेटी दिसते, तीही सलंगच आहे, फक्त विजेची. तिचं नाव ब्रेकिंग रेझिस्टर. पॅनल बांधणारे तिला ‘डीबीआर’ म्हणतात.

तिच्या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे एक साधी गोष्ट : मोटर आणि जनित्र ही दोन वेगळी यंत्रं नव्हेत. वीज दिली तर फिरतं आणि फिरवलं तर वीज देतं, असं ते एकच यंत्र. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्राम या संशोधकाच्या एका डायनामोची वीज दुसऱ्या डायनामोला देऊन तो मोटरसारखा चालवून दाखवला गेला. उलट बाजूचा नियम लेन्झने १८३४ मध्येच मांडला होता : निर्माण होणारी वीज, तिला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करते. म्हणजे मोटरीकडून वीज काढून घेत राहिलं, की ती आपोआप मंदावते. अट एवढीच, की ती वीज घेणारं कुणीतरी हवं.

विजेच्या ट्रामनी ही अट सगळ्यांत स्वस्तात भागवली. गाडी हळूहळू सुरू करण्यासाठी प्रतिरोधकांची जाळी त्यांच्यावर असायचीच. उतारावर मोटर तारेपासून तोडून त्याच जाळीला जोडली, की ब्रेक तयार. जाळी तेव्हा ओतीव लोखंडाची, जड आणि ठिसूळ असे. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लाल होईपर्यंत तापूनही या मिश्रधातूची तार लवकर झिजत नाही. पुढे लहान रेझिस्टर या तारेचे आणि मोठे बहुधा स्टेनलेस पट्ट्यांचे होऊ लागले.

महाराष्ट्रात या विद्येची खरी कसोटी लागली ती सह्याद्रीत. बोरघाटाचा चढ ३७ फुटांत १ फूट, आणि कर्जत ते लोणावळा ही चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास. हजार टनांची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा गणिताने सुमारे दीड हजार युनिट ऊर्जा सुटते. थोडी चाकांच्या आणि हवेच्या घर्षणात जाते, उरलेली ब्रेकने गिळायची. वाफेच्या काळात ती लोखंडी ब्रेक-ठोकळ्यांच्या वाट्याला यायची. ठोकळे झिजत आणि चाकं तापत. गाडी सुटलीच, तर तिला अडवायला चढावर वळवलेल्या कॅच सायडिंग घाटात बांधाव्या लागल्या.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू केली. १९२९-३० पर्यंत १५०० व्होल्ट डीसीची तार बोरघाट आणि थळघाट ओलांडून पुणे-इगतपुरीला पोचली. घाटातल्या मालगाड्यांसाठी स्विस धाटणीची ‘ईएफ-१’ इंजिनं आली. रेल्वेतल्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. खेकडा उतरताना वीज तारेत परत ढकलत असे आणि ती चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळे. पण या उदार व्यवस्थेत एक मेख आहे. समोरून चढणारी गाडी नसेल आणि सबस्टेशनही वीज परत घेत नसेल, तर तारेतला दाब वाढतो आणि ब्रेक हातचा जातो. त्यामुळे स्वतःची जाळी स्वतःबरोबर नेणाऱ्या रियोस्टॅटिक ब्रेकचं महत्त्व कमी झालं नाही. १९७०च्या दशकात चित्तरंजनला बनलेल्या घाटातल्या ‘डब्ल्यूसीजी-२’ इंजिनांना तोच होता. डिझेल इंजिनाला तर वर तारच नाही. तिथे जाळी आणि पंखा यांखेरीज मार्ग नव्हता.

मग सेमीकंडक्टर आले आणि घाटातली अडचण भिंतीवरच्या पेटीत शिरली. मोटरीचा वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमध्ये ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज आधी डीसी होते, साधारण ५८५ व्होल्ट. मग त्यातून हव्या त्या वारंवारतेची एसी घडवली जाते. साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोड असतात आणि त्यांतून वीज उलटी जात नाही. भार मोटरीला ओढू लागला, की आलेली वीज कपॅसिटरमध्ये साचते. दाब आठशेच्या आसपास गेला, की ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतो आणि मोटरीवरचा ताबा सुटतो. त्याआधीच, साडेसातशे-पावणेआठशेला, चॉपर नावाचा स्विच रेझिस्टरला जोडून देतो.

इथे मापाला महत्त्व आहे. ७८० व्होल्टवर १०० ओहमचा रेझिस्टर सहा किलोवॅट पितो. ओहम फार कमी घेतले तर चॉपर जळतो, फार जास्त घेतले तर वीज वेळेत निघत नाही. वॅट मात्र किती वेळ ब्रेक लागतो त्यावर ठरतात. दहा सेकंदांत एकच सेकंद काम असेल, तर सरासरी सहाशे वॅटचीच निघते. चॉपर शॉर्ट झाला तर रेझिस्टर अखंड तापत राहतो, म्हणून त्याचा थर्मल स्विच मुख्य कॉन्टॅक्टरला जोडावा लागतो. हा खर्च वाचवणं आगीला निमंत्रण.

लिफ्टमध्ये तर उतारही उलटा निघतो. काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं, त्यामुळे रिकामी लिफ्ट वर जाताना पेटी तापते.

धानगिरणीला मात्र बहुतेक वेळा या पेटीची गरज नसते. तिथला भार घर्षणाचा. वीज काढली की यंत्र स्वतःच मंदावतं. जड ब्लोअर थांबवताना ड्राइव्ह ट्रिप होत असेल, तर थांबण्याचे सेकंद वाढवले की भागतं. होइस्ट, लिफ्ट, साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल यांना ती सवलत नाही. दिवसभर ब्रेक लागत असेल तर वीज लाइनला परत देणारं युनिट परवडतं. नव्या तीन-फेजच्या रेल्वे इंजिनांनी तो मार्ग धरला आहे, कारण त्यांच्या २५ हजार व्होल्टच्या एसी तारेमागे वीज खपवणारं मोठं जाळं आहे. ब्रेक क्वचितच लागत असेल, किंवा वीजपुरवठा गेल्यावरही भार ताब्यात राहायला हवा असेल, तर ऊर्जा वाया घालवणारी ही पेटीच हिशेबात बसते.