रातपाळी आणि गिरणगावाची झोप

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास बहुधा भांडवल, संप आणि कामगार संघटना यांच्या अंगाने लिहिला गेला असून, या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांच्या झोपेचा विचार त्यात क्वचितच आढळतो, आणि आढळला तरी तो घरांच्या टंचाईचा एक पोटभाग म्हणून उरकला जातो. अंग मोडेपर्यंत काम करून आलेल्या माणसाचाही डोळ्याला डोळा का लागत नाही, हा प्रश्न मात्र गिरणगावाच्या, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, वरळी आणि भायखळा या परिसराच्या इतिहासाशी फार जवळून बांधलेला आहे. कारण थकवा आणि झोप यांची फारकत येथे कामाच्या व्यवस्थेतूनच घडत गेली.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा आणि त्यानंतरही काही दशके गिरणीचा दिवस सूर्याच्या दिवसाइतकाच असे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत, म्हणून हिवाळ्यात सुमारे ११ तास आणि उन्हाळ्यात १३ तासांहून अधिक काम पडे. हे हाल थोडे नव्हते. आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांना झगडून मिळवावी लागली आणि ती १८९० मध्ये पदरात पडली. तरीही या काळात एक गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे अंधार पडल्यावर काम थांबत असे, आणि शेतावरून शहरात आलेल्या कोकणातल्या व घाटावरच्या माणसाचे शरीर ज्या वेळी झोपायला सवकलेले होते, ती वेळ त्याच्या वाट्याला उरत असे.

विजेच्या दिव्यांनी ही मर्यादा मोडली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून दिवे आले, कापसाच्या व्यापाराला तेजी होती, आणि कामाचा दिवस १४-१५ तासांपर्यंत ताणला गेला. त्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, १९०६ आणि १९०८ मध्ये सरकारने चौकशा केल्या, आणि त्यांतून आलेल्या १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची कमाल मर्यादा घातली. पुढे १९२२ च्या कायद्याने ती ११ तासांवर, १९३४ च्या कायद्याने १० तासांवर आणि १९४६ च्या दुरुस्तीने ९ तासांवर आणली. कामगार चळवळीचे हे यश निर्विवाद आहे. परंतु एका माणसाचे तास जसजसे आखडत गेले, तसतसे तेच यंत्र दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाच्या हाती देऊन अखंड चालवणे मालकांना सोयीचे ठरू लागले. १९३० च्या दशकात रातपाळीचा प्रसार झाला आणि दुसऱ्या महायुद्धातील कापडाच्या मागणीने तिला बळ दिले. कायद्याने श्रमाचे तास मोजले, पण ते तास चोवीसांपैकी कोणते असावेत, हा प्रश्न पुरुष कामगारांपुरता जवळजवळ मोकळाच राहिला.

या मोकळ्या राहिलेल्या प्रश्नाचे महत्त्व शरीरशास्त्राने फार उशिरा उलगडले. झुरिक येथील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी गिरणगावातील सुमारे अडीच लाख कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला त्याच वर्षी, झोपेचे नियमन दोन स्वतंत्र प्रक्रियांनी होते अशी मांडणी केली. पहिली प्रक्रिया जागेपणाच्या संचयाची आहे: माणूस जितका अधिक वेळ जागा राहतो, तितकी झोपेची ओढ वाढते, आणि मेंदूत साठत जाणारे अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य या ओढीचे एक कारण मानले जाते. दुसरी प्रक्रिया जैविक घड्याळाची, म्हणजे मेंदूतील पेशींच्या एका लहानशा पुंजक्याकडून चालणाऱ्या सुमारे २४ तासांच्या लयीची आहे. ही लय मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून आपली वेळ जुळवून घेते आणि माणूस किती दमला आहे याची दखल न घेता सकाळी शरीराचे तापमान चढवू लागते, तर रात्री ते उतरवते. रातपाळी करून सकाळी सातला फाटकाबाहेर पडणाऱ्या कामगाराच्या शरीरात या दोन प्रक्रिया एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. झोपेची ओढ कमाल असते, पण डोळ्यांवर पडणारे ऊन मेंदूला दिवस उजाडल्याची वर्दी देते, झोपेच्या वेळेची सूचना देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक ओसरलेले असते आणि शरीर तापू लागलेले असते. अशा स्थितीत डोळा लागला तरी झोप तुटक आणि तोकडी होते, आणि उरलेला थकवा पुढच्या रात्री कामावर सोबत जातो.

त्यातही थकवा आणि झोपेची ओढ या दोन भिन्न अवस्था आहेत, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. साच्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात कानठळ्या बसवणारा आवाज असे, धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट राखलेली असे, आणि कामगाराला अनेक तास उभ्याने डोळ्यांत तेल घालून माग सांभाळावे लागत. अशा कामाने स्नायू शिणतात, पण मज्जासंस्था सावधच राहते, आणि ही सावधता पाळी संपल्याबरोबर उतरत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निद्रेचे विवेचन करताना, मन थकून इंद्रिये आपापल्या विषयांपासून परतली म्हणजे माणूस झोपतो असे म्हटले आहे, आणि निद्रानाशाच्या कारणांत कार्य आणि काल, म्हणजे काम आणि वेळ, यांचा स्वतंत्रपणे उल्लेख केला आहे. गिरणी कामगाराच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकाच व्यवस्थेतून उद्भवत होती, हे त्या विवेचनाच्या प्रकाशात लख्ख दिसते.

इंद्रियांनी विषयांपासून परतावे अशी जागाही त्याला नव्हती. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या, त्यांतील खोली साधारण १६० चौरस फुटांची होती, आणि खासगी चाळींतील खोल्या पुष्कळदा याहून लहान असत. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीप्रमाणे झोपण्याची रीत पडली. एकाने वळकटी गुंडाळावी आणि दुसऱ्याने आपली पसरावी, असा तो क्रम असे. दिवसा झोपणाऱ्याच्या उशाशी नळावरची भांडणे, शाळेला निघालेली पोरे आणि दर पाळीला होणारा गिरणीचा भोंगा चालूच राहत. शिवाय ठरावीक काळाने पाळी बदलत असल्याने शरीर एका वेळापत्रकाला रुळू लागते न लागते तोच दुसरे समोर येई.

या इतिहासात सर्वांत कमी नोंद झाली आहे ती बायकांच्या झोपेची. १८९१ च्या कायद्यापासून स्त्रियांना रात्री गिरणीत कामाला लावण्यावर बंधने होती, त्यामुळे रातपाळीच्या चर्चेत त्या येत नाहीत. परंतु घरातील नवरा एका पाळीला आणि दीर दुसऱ्या पाळीला जात असेल, तर दोघांचे डबे आणि दोघांची जेवणे तिलाच सांभाळावी लागत, आणि खाणावळ चालवणाऱ्या बाईचा दिवस तर तिन्ही पाळ्यांच्या जेवणकऱ्यांना पुरून उरेल इतका लांबे. अशाच खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या श्रमाचे आर्थिक मोल प्रथमच ठळकपणे पुढे आले. त्या श्रमापायी गेलेल्या झोपेचा हिशेब मात्र कोणत्याही चौकशी समितीने मागितला नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यात रातपाळीसाठी ५७ वे कलम होते, पण मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचा दिवस आणि सुट्टी कशी मोजावी एवढेच ते सांगत असे. त्यानंतरच्या संशोधनाने पाळीविषयी बरेच नेमके ज्ञान दिले आहे: माणसाचे जैविक घड्याळ स्वभावतः २४ तासांहून किंचित लांब चालत असल्यामुळे पाळी सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकवणे हे उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोसवते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये या घड्याळात बिघाड करणाऱ्या पाळीकामाची गणना संभाव्य कर्ककारक बाबींत केली. गिरण्यांच्या जागी आज मनोरे उभे आहेत, पण रुग्णालये, पोलीस ठाणी, रेल्वे, गोदामे आणि परदेशी वेळेनुसार चालणारी कार्यालये यांतून मुंबईची रातपाळी चालूच आहे, आणि पाळीचा तक्ता आखणाऱ्यांनी हे ज्ञान वापरायला हवे, ही मागणी गिरणगावाच्या अनुभवातूनच न्याय्य ठरते.