वही कोणाच्या हाती?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, दुकानादुकानांतून नवी वही पाटावर मांडली जाते. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'शुभ-लाभ' लिहिले जाते, आणि मग तिच्यात नव्या वर्षाचा व्यवहार चढू लागतो. वहीला आपण लक्ष्मीचे रूप मानले, ते योग्यच आहे. लिहून ठेवल्यावाचून ना संसार चालतो, ना राज्य. परंतु ज्याचे नाव वहीत चढते त्याच्या बाजूने तिच्याकडे पाहिले, म्हणजे निराळाच इतिहास दिसू लागतो. मोबाइल आपल्या खिशात बसून आपली माहिती टिपून घेतो, ही आज घरोघर ऐकू येणारी तक्रार त्याच इतिहासाचे ताजे पान आहे.

माणसांची नोंद ठेवण्याची हौस राज्यकर्त्यांना फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'गोप' नावाचा एक अधिकारी येतो. दहा, वीस किंवा चाळीस घरांतील माणसांची जात, नाव, धंदा, एवढेच नव्हे तर त्यांचे उत्पन्न आणि खर्चही त्याने जाणून घ्यावयाचा. घरी पाहुणा आला वा गेला तरी यजमानाने कळवावयाचे!

पण सगळ्याच वह्या जाचाच्या नव्हत्या. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायाला आपले गाव आणि कुळ सांगतो, आणि उपाध्याय त्याच्या पूर्वजांची नावे असलेली चोपडी काढतो. पणजोबा केव्हा येऊन गेले, बरोबर कोण होते, हे तिथे वाचावयास मिळते. यात्रेकरू स्वतःचे आणि मुलाबाळांचे नाव त्याखाली घालतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नोंद यात्रेकरूच्या देखत होते, कशासाठी होते ते त्याला ठाऊक असते, आणि उद्या त्याचा नातू आला तर ती त्याच्यापुढे उघडली जाते. वही दुसऱ्याच्या घरी असली तरी ती परकी नाही.

सावकाराची वही मात्र परकी होती. अक्षरशत्रू शेतकऱ्याने अंगठा उठवावयाचा. वर काय लिहिले ते लिहिणाराच जाणे. व्याजाचे मुद्दल केव्हा झाले आणि फेडलेली रक्कम जमेस धरली की नाही, हे कोणाला विचारणार? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारचा दिवस होता. त्या दिवशी शेतकऱ्यांचा संयम सुटला, आणि ते लोण पुणे-अहमदनगरच्या गावोगाव पसरले. या दंग्यांत लोकांचा रोख तिजोरीपेक्षा कागदांवर होता. रोखे आणि वह्या बाहेर काढा, म्हणून त्यांनी मागणी केली आणि त्यांची होळी केली. जेथे सावकाराने कागद निमूट दिले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. ज्या कागदाने आपल्याला बांधले आणि जो आपल्याला वाचता येत नाही, तोच आपला वैरी, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. त्यात कर्जदाराला पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाकाठी हिशेब मागण्याचा आणि स्वतःजवळ खातेपुस्तक ठेवण्याचा हक्क मिळाला. वहीत ज्याचे नाव त्याला वही पाहता आली पाहिजे, हे तत्त्व असे आपल्याकडे कायद्यात आले. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच्या वाट्याला हा कायदा आला नाही.

तिसरी वही पोलिसांची, आणि ती सर्वांत कठोर. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ मध्ये त्याची कक्षा वाढवून तो मुंबई इलाख्यालाही लागू होईल असा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो संशयित! त्याचे नाव नोंदवावयाचे, बोटांचे ठसे घ्यावयाचे, आणि त्याने हजेरी द्यावयाची. गाव सोडावयाचे तर आधी कळवावयाचे. निजामी मुलखाच्या सीमेवरील सोलापुरात अशा लोकांची कुंपणातील वसाहत होती. तो भाग आजही 'सेटलमेंट' या नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पण वहीतून पुसलेले नाव लोकांच्या मनातून पुसले जात नाही. लातूर तालुक्यातील धनेगावी जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'मध्ये आपल्या जमातीच्या माथी बसलेला हा शिक्का लिहून ठेवला. १९८८ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

'ज्याने काही वाईट केले नाही, त्याला लपवावयाचे काय?' असे आज पुष्कळ जण सहज विचारतात. त्याचे उत्तर या वहीत आहे. तिच्यात नाव चढलेल्या तान्ह्या पोरांनी तरी काय केले होते? भय आपण काय केले याचे नसते. वहीवाला आपल्याविषयी काय ठरवील याचे असते.

आता खिशातल्या वहीकडे येऊ. मोबाइल चालू असला की जवळच्या मनोऱ्याला तो आपला ठिकाणा कळवीत राहतो. त्यावाचून फोन यावयाचा कसा? एवढे समजण्याजोगे आहे. पण आपण काय शोधले, कोणत्या चित्रापाशी थबकलो, कोठल्या दुकानात किती वेळ होतो, हेही त्यातील निरनिराळी ॲप टिपून घेऊ शकतात. फेसबुक, इन्स्टाग्राम आपल्याला फुकट मिळतात, कारण त्यांचे मोल जाहिरातदार देतो, आणि त्याला हवी असते ती आपली ओळख. पुन्हा, एकाने दिलेल्या माहितीत दहांची माहिती जाते. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात ॲप घेणारे सुमारे पावणेतीन लाख होते. पण मित्रांच्या साखळीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असे खुद्द फेसबुकने सांगितले.

सावकारही नव्या वेषात परतला आहे. चार मिनिटांत कर्ज देणारी काही ॲप घेणाऱ्याच्या फोनमधील साऱ्या नावांची यादी उचलीत, आणि हप्ता चुकला की मामा, मास्तर, व्याही, सगळ्यांना फोन जात. जुन्या सावकाराच्या हाती जमीन होती. याच्या हाती अब्रू आली. अखेर २०२२ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने अशा ॲपनी फोनमधील नावांच्या यादीला आणि छायाचित्रांना हात लावू नये, असे बजावले.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. त्या योजनेविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी न्यायालयात गेले, आणि त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. आपल्याविषयी काय नोंदले ते पाहण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि नोंद पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास आईबापांची संमती हवी, असेही त्यात आहे. मात्र सरकारी यंत्रणांना सवलती ठेवल्या आहेत, आणि अंमल टप्प्याटप्प्याने यावयाचा आहे. १८७९ च्या खातेपुस्तकाचीच ही पुढची आवृत्ती म्हणावी!

पण हक्क कागदावर असून भागत नाही; तो मागणारा लागतो. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने अंगठा दिला. आपण शिकलेली माणसे न वाचताच 'मान्य आहे' या शब्दावर अंगठा टेकवितो. या दिवाळीत पोरे नवा फोन मागतील, लेकी-सुना रांगोळीची छायाचित्रे धाडतील. त्यांना आनंदाने धाडू द्यावीत. फक्त नवे काही उघडताना घरातील एकाने तरी मोठ्याने विचारावे: हे कोण लिहून घेतो आहे, कशासाठी, आणि उद्या मला ते पुसता येईल काय?

उत्तर मिळाले नाही, तर अंगठा मागे घ्यावा. तेवढी सत्ता अजून आपल्या हाती आहे.