तिरितिरी बेटाचे एक वर्ष

वर्धापनदिन आला की आपण सालाबादप्रमाणे वर्षाचा हिशेब मांडतो. सभा किती झाल्या, वर्गणी किती जमली, कोणते काम तडीस गेले आणि कोणते राहून गेले, हे चिटणीसबाई वाचून दाखवतात. अशाच एका मंडळाच्या एका वर्षाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ते मंडळ दूर न्यूझीलंड देशातले आहे आणि त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे समुद्रातले एक लहानसे बेट.

ऑकलंड शहराच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरवर, हौराकी आखातात, तिरितिरी मातांगी नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २२० हेक्टर, म्हणजे सुमारे ५४० एकर. पूर्वी तेथे माओरी लोकांची वस्ती होती. पुढे युरोपियन शेतकरी आले, गुरेमेंढरे आली, आणि चराईसाठी जंगल तोडले गेले. १ जानेवारी १८६५ रोजी बेटावरचा दीपस्तंभ प्रथम उजळला. १९७१ साली शेतीचा करार संपला, त्या वेळी मूळ जंगलापैकी शेकडा सहा हिस्साच दऱ्याखोऱ्यांतून कसाबसा टिकून होता. बाकी सारे गवताचे माळ.

गुरे गेली म्हणजे रान आपोआप वाढेल अशी अपेक्षा होती, परंतु तसे घडले नाही. गवत आणि नेचे इतके दाट माजले की बी रुजावयास जागा मिळेना. जे बी पडे त्यावर उंदरांचा डोळा. तेव्हा ऑकलंड विद्यापीठातील जॉन क्रेग आणि नील मिचेल या दोघा शास्त्रज्ञांनी सुचवले की, रान माणसांच्या हातांनीच लावावे, आणि तेही सर्वसामान्य नागरिकांच्या. त्या काळी पक्ष्यांसाठी राखलेल्या बेटांवर लोकांना सहसा मज्जाव असे. येथे मात्र दार उघडे ठेवण्याचे ठरले. या, पाहा, आणि येताना श्रमाची तयारी ठेवा, असा तो रिवाज होता.

१९८४ साली दीपस्तंभ स्वयंचलित झाला. दिवा सांभाळणारे रे वॉल्टर यांचे काम खरे तर संपले होते. पण ते बेटावरच राहिले आणि रोपवाटिका सांभाळू लागले. पुढे त्यांच्या पत्नी बार्बरा वॉल्टर यांनीही या कामाला वाहून घेतले. दोघे निवृत्त झाली ती थेट २००६ साली. एखाद्या घरातले दोन माणसे एका कामाला चिकटून राहिली म्हणजे काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

त्यांचे वर्ष आपल्या उलट चालते. आपल्याकडे वैशाखाचे ऊन तापते तेव्हा तेथे थंडीची चाहूल लागते; आपल्या आषाढात तेथे ऐन हिवाळा. हाच त्यांचा लागवडीचा हंगाम, कारण तेव्हा माती ओली असते. बेटावरच्याच झाडांचे बी गोळा करावयाचे, वाटिकेत रोपे वाढवावयाची, आणि हिवाळ्यात होड्या भरभरून शाळांतील मुले, बालवीर, गृहिणी, पेन्शनर यांनी यावयाचे. हातात कुदळ, पाठीवर डब्याची पिशवी. दिवस मावळण्यापूर्वी परत फिरावयाचे. असे दहा हिवाळे, १९८४ पासून १९९४ पर्यंत, हजारो हात राबले आणि अडीच ते तीन लाख झाडे लागली. सारे बेट मात्र झाकले नाही. सुमारे चाळीस टक्के जमीन गवताळ व मोकळी ठेवली, कारण काही पक्ष्यांना तेच मानवते.

माणसे येत आणि जात. त्यांना धरून ठेवण्यासाठी काहीतरी व्यवस्था हवी होती. म्हणून १९८८ साली ‘सपोर्टर्स ऑफ तिरितिरी मातांगी’ हे मंडळ स्थापन झाले. सभासद, वर्गणी, कार्यकारिणी, वार्षिक सभा, सारे आपल्यासारखेच. ‘डॉन कोरस’ नावाचे त्यांचे त्रैमासिकही आहे. पहाटेचे पक्षिगान असा त्याचा अर्थ.

या मंडळाच्या आयुष्यातले कसोटीचे वर्ष म्हणजे १९९३. लागवड संपत आली होती. १९७४ साली काकारिकी पोपट, १९८४ साली तिएके नावाचा पाठीवर तांबूस पट्टा असलेला काळा पक्षी, आणि १९९१ साली टाकाहे, असे पाहुणे एकामागून एक आणून सोडले होते. हा टाकाहे निळ्याहिरव्या रंगाचा, कोंबडीहून थोराड, उडता न येणारा पक्षी. तो नामशेष झाला असे जग धरून चालले होते. १९४८ साली दक्षिणेकडील डोंगरांत तो पुन्हा सापडला. १९९३ सालीच लहान ठिपक्यांचा किवीही बेटावर आला. परंतु मूळचा प्रश्न तसाच होता. किओरे नावाचा उंदीर बेटावर हजारोंनी नांदत होता. बी, कोवळे अंकुर, किडे, सरडे, काहीही त्याला वर्ज्य नव्हते. एका हाताने लावावे आणि दुसऱ्या बाजूने ते खाल्ले जावे, अशी गत.

हा उंदीर माओरींच्या पूर्वजांबरोबर त्यांच्या होड्यांतून आला. तो त्यांचे अन्न होता, आणि काही कुळे त्याला वाडवडिलांचा ठेवा मानतात. शिवाय विष टाकावयाचे म्हणजे ज्या पक्ष्यांसाठी सारा खटाटोप, त्यांनाही धोका. हा निर्णय सोपा नव्हता. अखेर सप्टेंबर १९९३ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी दाणे टाकण्यात आले. हिवाळ्याअखेरीस उंदरांचे खाणे दुर्मिळ असते, म्हणून ही वेळ निवडली. एक गाभण मादी जरी उरली असती तरी सारे व्यर्थ गेले असते. पण उंदीर समूळ गेले. पुकेको नावाचे पाणकोंबडीसारखे पक्षी मात्र त्या विषाने पुष्कळ मेले. ही किंमत नोंदल्यावाचून त्या वर्षाचा अहवाल खरा होणार नाही.

त्यानंतर फरक दिसू लागला. झाडांखाली आपसूक रोपे उगवू लागली, किडे वाढले, पक्ष्यांना पोटभर मिळू लागले. १९९५ साली हिही हा चिमुकला मधुभक्षी पक्षी आणला. एके काळी हा पक्षी जगात एकाच बेटावर उरला होता. नव्या रानातील झाडे तरुण, त्यांना ढोल्या नाहीत; म्हणून लाकडी पेट्या टांगल्या आणि साखरपाण्याची भांडी ठेवली. आजही त्यांच्या वसंतात, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, या पेट्या पाहणे, भांडी घासणे, पाणी बदलणे हे काम चालते. पुढे १९९७ साली कोकाको आणि २००३ साली तुआतारा हा पुरातन सरपटणारा प्राणीही आला. येथल्या हिहींनी इतर ठिकाणी नव्या वसाहती वसवण्यास हातभार लावला.

सारेच बिनचूक झाले असे नाही. पोहुतुकावा हे डिसेंबरात लालभडक फुलणारे झाड फार दाट लावले गेले. त्याच्या सावलीत इतर झाडे रुजेनात, म्हणून पुढे काही ठिकाणी विरळणी करावी लागली. २००० साली परदेशी मुंग्या आढळल्या, त्यांच्यामागे माणसे लागली. आजही होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने पायताण पुसावयाचे आणि पिशवीत उंदीर, मुंगी, बी नाही ना ते पाहावयाचे. टाकाहेंपैकी ग्रेग नावाचा एकजण तर पाहुण्यांच्या हातचा फराळ पळवण्यात तरबेज होता. तो २०१२ साली वारला तेव्हा अनेकांना घरचे कोणी गेल्यासारखे वाटले.

भगिनींनो, या हकीकतीत नवल वाटावे असे पक्षी आहेत खरे. पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती भांडी घासण्याची पाळी. लागवडीच्या दिवशी गर्दी जमते, छायाचित्रे निघतात. नंतर दररोज साखरपाणी बदलणारी माणसे थोडीच असतात, आणि पक्षी त्यांच्यावर जगतात. आपणही दर पावसाळ्यात रोपे लावतो. यंदाच्या अहवालात किती लावली याच्या शेजारी, मागल्या वर्षीची किती जगली आणि उन्हाळ्यात पाणी कोणी घातले, हेही लिहावे, अशी विनंती चिटणीसबाईंना आहे.